कावीळ आली की डुकरं का पकडता? नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी, आरोग्य निरीक्षक आणि पाणीपुरवठा अभियंते यांस,

स. न. वि. वि.

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी सहाला फोन वाजला, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभा होतो. "डॉक्टरसायेब, गाडी आलीया. समदी भरून चालल्यात." फोन आण्णांचा. वडारवाडीत पिढीजात डुकरं पाळणारं घर त्यांचं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, पण आण्णांच्या लेखी मी अजून ड्युटीवरच आहे. दूध तसंच सोडून स्कूटर काढली. त्या दुधाचं पुढे काय झालं आणि त्यावरून घरात काय झालं, हा या पत्राचा विषय नाही.

नाल्याच्या पुलाजवळ नगरपरिषदेचा टेम्पो उभा होता. चौघं जण जाळं धरून होते. पायांत साध्या स्लिपर, हातांत मोजे नाहीत. एक डुकरीण जाळ्यात अडकून किंचाळत होती आणि तिची नऊ पिल्लं गटारीच्या सिमेंट पाइपात शिरून बसली होती. मोठ्या जनावरांच्या डाव्या कानाला आण्णांची खूण होती, वरच्या कडेला दोन खाचा. कागदावर ‘बेवारस व मोकाट’ असं लिहिलं होतं. मालक समोर हात जोडून उभा होता.

तिथल्या निरीक्षकांना मी विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "कावीळ पसरलीय ना, साहेब. हिपॅटायटिस ई. डुकरांमुळे होतो. नेटवर आहे सगळं."

नेटवर आहे हे खरं. डुकरांत हिपॅटायटिस ईचा विषाणू असतो हेही खरं. तरीही त्या सकाळी जे चाललं होतं ते चोर सोडून संन्याशाला सुळी देणंच होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते निरीक्षक काही वाईट माणूस नव्हते, वरून आलेला आदेश पाळत होते. आणि असा टेम्पो उद्या तुमच्याही गावात निघू शकतो, म्हणून हे पत्र एका साहेबांना न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

आधी विषाणूबद्दल. हिपॅटायटिस ई म्हणजे एकच एक विषाणू नव्हे, त्याची घराणी आहेत. माणसाला लागणारी मुख्य घराणी चार, त्यांना जीनोटाइप १, २, ३ आणि ४ म्हणतात. यातली १ आणि २ ही फक्त माणसांत फिरतात. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्या माणसाच्या पोटात, एवढाच त्यांचा प्रवास. ३ आणि ४ ही मुळात जनावरांची. डुक्कर, रानडुक्कर, हरीण यांच्यात ती नांदतात आणि अधूनमधून माणसाकडे येतात, मुख्यतः कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसातून. डुकरांतला विषाणू १९९७ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या शास्त्रज्ञांनी उलटं करून पाहिलं, माणसांतले १ आणि २ या घराण्यांचे विषाणू डुकरांना टोचले. डुकरांना लागण झाली नाही.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडचं वेगळं असेल, असं म्हणाल तर तेही आपल्या दारात तपासून झालंय. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या रुग्णांमधले विषाणू आणि इथल्याच डुकरांमधले विषाणू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. २००२ साली हे काम प्रसिद्ध झालं. माणसांत सापडला तो जीनोटाइप १. डुकरांत सापडला तो ४. एकाच मुलखातली माणसं आणि डुकरं, पण विषाणूची सोयरीक नाही. ज्या संस्थेकडे आपण साथीचे नमुने पाठवतो, तिनंच वीसहून जास्त वर्षांपूर्वी हे सांगून ठेवलंय. काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. आपल्या आरोग्य खात्यांना काविळीत सगळीकडे डुक्कर दिसतं.

टेम्पो गेला. आण्णांच्या बावीस जनावरांपैकी चौदा गेली. कावीळ गेली नाही. पुढचे पाच आठवडे त्याच दोन गल्ल्यांतून रुग्ण येत राहिले.

मग मी आमच्या भागातल्या व्हॉल्व्हमनला धरलं. चांगला माणूस, अठ्ठावीस वर्षं त्याच वॉर्डात चाव्या फिरवतोय. पाणी दिवसाआड येतं, पाऊण तास. त्यानं मला गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथं घरांकडे जाणाऱ्या पाऊण इंची जीआय लाइन उघड्या गटारीतून आडव्या गेल्यात, सात-आठ पाइप एकमेकांना चिकटून. एका पाइपाच्या जोडावर सायकलची जुनी ट्यूब कापून पट्टी गुंडाळली होती. पट्टीच्या कडेनं पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती. "ही गळती," तो म्हणाला, "ही काय नाय. पाणी बाहेर जातंय, जाऊ द्या. आता व्हॉल्व्ह बंद करतो, मग बघा."

त्यानं चावी फिरवली. चिळकांडी मंदावली, थांबली. वरच्या घरांतल्या मोटारी मात्र चालूच होत्या, उरलंसुरलं पाणी ओढायला. त्यानं गटारीच्या काठावरचं वडाचं एक पान उचलून त्या पट्टीच्या कडेशी नेलं आणि सोडलं. पान खाली पडलं नाही. पाइपाला चिकटून बसलं, कडा थरथरत. पाइप आता बाहेरचं आत ओढत होता. आणि शेजारून गटारीचं काळं पाणी त्या जोडावरून वाहत होतं.

साहेब, तीस वर्षं मी जनावरांची आतडी तपासली, शवविच्छेदनं केली. पण इतकं स्वच्छ निदान मी कधी पाहिलं नव्हतं. ते पान बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पाणी बंद होतानाचा तो पाव तास तिथं उभं राहावं लागतं.

त्या गटारीत डुकरांची घाण नसते का? असते. पण त्याच गटारीत शौचालयांच्या टाक्यांचं ओव्हरफ्लो सुटतं, आणि जीनोटाइप १ तिथून येतो.

दुसरी गोष्ट काळाची. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुतेकांना पाच-सहा. म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात आलेल्या माणसानं ते पाणी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला प्यायलेलं असतं. वळवाच्या पहिल्या दोन सरींनी गटारी तुंबल्या, तेव्हाचं. त्यामुळे जुलैत पकडलेलं डुक्कर जसं बिनकामाचं, तसाच जुलैत घेतलेला पाण्याचा नमुनाही अर्धाच कामाचा. ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल हातात धरून पत्रकार परिषद घेता येते, तेवढंच. टाकीखाली ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, पिवळी आली म्हणजे गल्लीच्या टोकालाही क्लोरीन पोचलंय असं होत नाही. आणि जिवाणू मेले म्हणजे विषाणूही मेला, असंही होत नाही.

हा धडा देशानं फार महाग विकत घेतलाय. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत पुरानंतर नजफगड नाल्याचं मैलापाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत उलटं आलं. जलशुद्धीकरणवाल्यांनी क्लोरीन आणि तुरटी वाढवली. झालं असं की टायफॉइड वाढला नाही, आमांश वाढला नाही, पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या साथीतलं जपून ठेवलेलं रक्तजल (सीरम) पुढे कैक वर्षांनी तपासलं, तेव्हा ती ई होती हे कळलं. आपल्या राज्यातलं हवं असेल तर २०१२ चं इचलकरंजी आठवा. हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली, आणि तीही ई होती, तीही पाण्यातली.

यात सगळ्यात जास्त कुणाला सोसावं लागतं, हे आरोग्य विभागाला मी सांगायला नको. निरोगी तरुण माणूस महिना-दीड महिना अंथरूण धरतो आणि उठतो. गरोदर बाई, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांतली, तिला जीनोटाइप १ झाला तर मृत्यूचं प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जातं. आमच्या गल्लीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली एक मुलगी होती. आठवा संपत आला होता. घरच्यांनी आधी तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. तिच्या बापानं मला विचारलं, "डॉक्टर, ती डुकरं आधीच नेली असती तर?" मी त्या माणसाला काय सांगणार होतो? पाइप दाखवणार होतो का?

आता डुकरांबद्दल, कारण इतकं वाचून ‘डुकरं निर्दोष आहेत’ असा अर्थ कुणी काढला तर तोही मला नको आहे. पशुवैद्यक म्हणून मला ते परवडणार नाही.

पुण्याच्याच संस्थेनं २००६ मध्ये दाखवलं की भारतीय डुकरांतला जीनोटाइप ४ माकडांना लागतो. म्हणजे माणसालाही लागू शकतो, असं धरून चालायला हवं. चीन आणि जपानमध्ये तो माणसांत सापडतोच. २००८ साली त्याच संस्थेचं आणखी एक काम आलं. बाजारात विकायला ठेवलेल्या डुकरांच्या २४० कलेजी तपासल्या, त्यांतल्या दोनमध्ये विषाणू होता. शंभरात एकही नाही. जपानमध्ये अशाच तपासणीत यापेक्षा जास्त सापडला होता, अमेरिकेत तर नऊ-दहात एक. पण दोन म्हणजे शून्य नव्हे.

डुकराला स्वतःला याचा काही त्रास होत नाही, हीच अडचण. ताप नाही, खाणं सुटत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. दोन ते चार महिन्यांच्या वयात, आईकडून आलेलं संरक्षण ओसरलं की पिल्लाला लागण होते, काही आठवडे ते विष्ठेतून विषाणू टाकत राहतं आणि मग आपोआप साफ होतं. गावठी डुक्कर सावकाश वाढतं, विलायतीसारखं सहा महिन्यांत कापायला येत नाही, त्यामुळे सुरीखाली जाईपर्यंत बहुतेकांचा तो काळ मागे पडलेला असावा. कोवळं पिल्लू कापलं तर मात्र हा हिशेब चालत नाही.

आणि खरा धोका कुठं आहे ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वडारवाडीत लग्न असलं की पहाटे डुक्कर पडतं. जाळावर केस होरपळून काढतात, पोट फाडतात, आणि मोठी माणसं कामात असताना पोरं कलेजीचे तुकडे निखाऱ्यावर टाकतात. वरून काळं, आतून लाल. फुंकर मारत, हात भाजत खातात. चव काय असते ते मला विचारू नका, मीही खाल्लेत. हिपॅटायटिस ईसाठी याहून सोपा रस्ता नाही, कारण या विषाणूचं घरच मुळी यकृत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञांच्या प्रयोगात मांस आतपर्यंत ७१ अंशांवर वीस मिनिटं ठेवलं तेव्हा विषाणू पुरता निष्प्रभ झाला. आपल्या रश्शाला ते कठीण नाही, पाऊण तास रटरटतोच. मीठ-व्हिनेगरच्या भरवशावर मात्र राहू नये. खारवणं, आंबवणं याला हा विषाणू फारसा जुमानत नाही.

दुसऱ्या देशांनी काय केलं पाहा. जपानमध्ये २००३ मध्ये डुकराची अर्धकच्ची कलेजी आणि हरणाचं कच्चं मांस खाऊन लोकांना ई झाल्याचं उघड झालं. २०१५ मध्ये तिथं कच्चं डुकराचं मांस विकायला बंदी आली. त्याहून आपल्या जवळचं उदाहरण कोर्सिका बेटाचं. तिथं ‘नुस्त्राल’ नावाचं गावठी डुक्कर चेस्टनटच्या रानात मोकळं चरतं, आपल्या डुकरांसारखंच. त्याच्या कलेजीचं ‘फिगातेल्लू’ नावाचं सॉसेज करतात, आणि काही लोक ते कच्चंच खातात. २०१० मध्ये मार्सेयच्या डॉक्टरांनी त्या सॉसेजचा आणि काविळीचा संबंध दाखवला. सरकारनं बेटावरची डुकरं टेम्पोत भरली नाहीत. पाकिटावर ‘आतपर्यंत शिजवूनच खा’ असं छापायला लावलं, आणि शास्त्रज्ञ रानात जाऊन नमुने घेऊ लागले. ती जात तिथल्या लोकांना स्वतःची वाटते. बहुधा फरक तिथंच पडतो.

आपल्याकडे गावठी डुक्कर कुणालाच आपलं वाटत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ९०.६ लाख डुकरं होती, सात वर्षांत १२ टक्क्यांनी घटलेली. त्यांतली ७१ लाखांहून जास्त देशी. म्हणजे पाचांतली चार. शेजारच्या गोव्यातलं काळं, बुटकं डुक्कर ‘अगोंदा गोवन’ या नावानं कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलं गेलंय, बंगालचं घुंगरू आणि मेघालयचं निआंग मेघाही तिथं आहेत. आण्णांच्या डुकरांना असं नाव नाही. ती खरकट्यावर वाढतात, एकावेळी आठ-नऊ पिल्लं देतात, आणि विलायती डुक्कर ज्या उन्हात धापा टाकतं त्या उन्हात ती नाल्यात निवांत लोळतात. आण्णांच्या थोरल्या नातीच्या नर्सिंगची पहिली फी याच जनावरांनी भरली. तुमच्या पंचनाम्यात त्यांची किंमत ‘निरंक’ होती.

काय करावं, असं विचाराल तर माझं म्हणणं असं आहे.

काविळीचे पाच रुग्ण एका गल्लीत आले की त्याच दिवशी अभियंता आणि व्हॉल्व्हमन यांना त्या गल्लीत पाठवा, आणि पाणी सुरू असताना नव्हे, बंद होताना पाठवा. गटारीतून जाणाऱ्या सर्व्हिस लाइन आधी बाहेर काढा. पैसे नाहीत हे उत्तर मला माहीत आहे. डुकरं पकडण्याचं टेंडर मात्र निघतं. रुग्णांचं रक्त आणि शौचाचे नमुने पुण्याला जातातच, पण ‘ई आहे’ एवढ्यावर थांबू नका, जीनोटाइप कोणता ते लेखी मागा. १ आला तर पाइप खणा. ४ आला तर मला बोलवा, आपण दोघं मिळून मटणाच्या दुकानांत आणि लग्नांत जाऊ.

डुकरं कापायला एक ओटा द्या. नळ, निचऱ्याची नाली आणि वर पत्रा, एवढंच. तिथं दर महिन्याला काही कलेजी आणि विष्ठेचे नमुने पशुसंवर्धन खात्याकडे द्या. आपल्या गावठी डुकरांत हा विषाणू किती आहे, कोणत्या वयात आहे, पावसात वाढतो का, हे तुमच्याच ओट्यावरून कळेल, आणि पुढच्या साथीत निरीक्षकांना नेटवर शोधायची वेळ येणार नाही.

आणि जे चौघं स्लिपर घालून गटारीत उतरले होते त्यांना गमबूट आणि मोजे द्या. अमेरिकेत २००२ मध्ये डुकरांच्या पशुवैद्यकांचं रक्त तपासलं, तेव्हा सामान्य रक्तदात्यांपेक्षा त्यांच्यात या विषाणूची प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण) जास्त जणांत निघाली. माझंही रक्त एकदा तपासून घ्यायला हवं. अजून घेतलेलं नाही.

मोकाट डुकरांचा बंदोबस्त करायचा तर जरूर करा. रस्त्यावर अपघात होतात, ओला कचरा विस्कटतात, आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो, या तक्रारी खऱ्या आहेत. पण मग तो त्या नावानं करा, उन्हाळ्यात करा, आधी नोटीस देऊन आणि पाळणाऱ्याला जागा दाखवून करा. साथ शिगेला असताना, घाबरलेल्या लोकांसमोर, एका वस्तीच्या दारात टेम्पो उभा केला की गाव काय शिकतं? त्या आठवड्यात वडारवाडीतल्या बायकांना सार्वजनिक नळावर दुसऱ्या बायकांनी हंडा लावू दिला नाही. म्हणजे कावीळ त्यांच्यामुळे, आणि पाणीही त्यांना नाही. त्या वस्तीतही चार जणांना कावीळ झाली होती. ती कुणी मोजली नाही.

आण्णांची पाइपात शिरलेली नऊ पिल्लं वाचली. त्यांतल्या सहांची विष्ठा मी गेल्या सप्टेंबरात, ती तीन महिन्यांची असताना, छोट्या डब्यांत घेतली आणि घरच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली. बायकोनं त्या फ्रीजला कुलूप लावलंय. एका खासगी डॉक्टरच्या हातचा नमुना घ्यायला कुठलंच खातं तयार नाही. पत्र सरकारी हवं. आपल्यापैकी एकानं जरी तसं पत्र दिलं, तरी मी डबे घेऊन स्वतः पुण्याला जाईन, एसटीच्या तिकिटाचे पैसे मागणार नाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी

ता. क. त्या जोडावरची सायकलची ट्यूब परवा बदलली. आता मोटरसायकलची आहे.